एका किल्ल्याचे दोन किल्लेदार

मी बाविसाव्या वर्षी भाईंदर पश्चिमेच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टायपिंग शिकवायला लागले. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, दोन रांगांत अकरा मशिनं, आणि खिडकीपाशी एक जादा टेबल. ते टेबल मालकांनी मोडीवाल्या काकांना दिलं होतं. काका मोडी वाचायचे आणि मी ते ऐकून साध्या बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, टाइप करायचे, वर एक आणि खाली दोन कार्बन.

नव्वदीची सुरुवात होती. मिठागरांच्या कडेनं इमारती उठत होत्या. जमिनीला कधी नव्हे ती किंमत आल्यामुळं मोरवा, राई, उत्तन, चौक इथली माणसं पत्र्याच्या पेट्यांमधून पणजोबांचे कागद काढत होती. कागद मोडीत, आणि मोडी वाचणारं आमच्या भागात दुसरं कोणी नव्हतं. काकांनी एका सरकारी दप्तरात तीस वर्षं नकला केलेल्या होत्या. साठी उलटलेला, सडपातळ, धोतर सोडून पँटला आलेला पण पँटमध्ये कधी न रमलेला माणूस. एकदा मला म्हणाले, "तीस वर्षं रोज लिहिलं. त्यात माझं एक वाक्य नाही." मी तेव्हा 'हं' म्हणाले आणि रिबन बदलत राहिले.

एके दुपारी एक बिल्डर आले. पांढरा सफारी, दोन्ही हातांत अंगठ्या, बोलणं निम्मं हिंदी. मीरा रोडच्या बाजूला त्यांच्या सात इमारतींचं काम चाललं होतं.

"काका, मला जरा हिस्ट्री पाहिजे."

"कसली?"

"आपल्या कॉलनीची. नाव किल्लेदार नगर ठेवतोय. घोडबंदरचा किल्ला जवळच आहे ना. तर किल्लेदाराचं एखादं लेटर वगैरे. सेल्स ऑफिसमध्ये फ्रेम करून लावू."

"कागद आणा, वाचून देतो."

"कागद नाही आहे."

"मग मी काय वाचू?"

"वाचू नका. लिहा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता हाकलतील. म्हणाले, "असं नसतं हो करायचं."

"हां, जुन्यासारखं हुबेहूब लिहिणं आजकाल कोणाला जमतं," बिल्डर उठत म्हणाले. "राहू दे. आर्टिस्टकडून करून घेतो. नाक्यावर एक बोर्डवाला आहे."

"बोर्डवाला मोडी लिहिणार?" काका म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मला कळलं की आता हे लिहिणार.

त्यांनी मन लावून केलं. रद्दीवाल्याकडून जुन्या वह्या आणल्या. त्यांची शेवटची कोरी पानं जाड, हातकागदाची होती. खाडीच्या काठच्या बोरूला तिरपा छेद देऊन लेखणी केली, काजळीत डिंक घालून शाई घोटली. आधी शिरोरेघ पानभर ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, ही मोडीची रीत. काकांच्या रेघेला पट्टी लागायची नाही. आमच्या मुली टायपिंग सोडून बघत उभ्या राहायच्या आणि मी त्यांना ओरडायचे, मग मीही बघायचे.

मजकुरावर मात्र वाद झाला. बिल्डरांना पत्रात पाण्याचा उल्लेख हवा होता. त्या काळात आमच्याकडे टँकर आला की लोक जेवणावरून उठायचे.

"पाणी चोवीस तास, असं लिहा."

"तेव्हा तास नव्हते. घटका होत्या."

"मग घटका लिहा."

"चोवीस तासांच्या साठ घटका होतात."

"साठ तर अजून चांगलं. आणि स्टेशन पाच मिनिटांवर."

"स्टेशन नव्हतं."

"काहीतरी असेल ना."

काकांनी स्टेशनच्या जागी बंदर धरलं. पाच मिनिटांचा कागदावर हिशेब मांडला तो साडेबारा पळांचा आला. तेव्हा पत्रात असं उतरलं की किल्लेदारांनी वरिष्ठांस कळविले, येथील हवा उत्तम, पाणी साठ घटका, बंदर साडेबारा पळांचे अंतरावर, सबब येथे वस्ती करावी. मी ते बालबोधीत टाइप केलं. टाइप करताना हसले, आणि या हसण्यानं मी त्यात सामील झाले हे मला पुष्कळ नंतर समजलं.

कागद नवा दिसत होता. काकांनी तो पाववाल्याच्या भट्टीजवळ ठेवून पाहिला. रंग चांगला आला, पण कागदाला मस्का पावाचा वास सुटला. मग त्यांना चौकची आजी आठवली. ती समुद्राकाठी बांबूंच्या वलांडीवर, दोऱ्या ताणलेल्या मांडवावर, बोंबील वाळवायची. आदल्या वर्षी काकांनी तिचा एक कागद वाचून दिला होता, तिच्या वाळवणाच्या जागेचा, तिच्या सासऱ्याच्या नावचा. त्या ओळखीवर काका बसनं चौकला गेले आणि पत्र बोंबलांच्या रांगेत दोरीला लावून आले. आजीनं विचारलं, "ह्यो काय खातात का?" काका म्हणाले, "खात नाहीत, वाळवतात." तिनं आठ दिवस कावळ्यांपासून ते पत्र राखलं. खाऱ्या वाऱ्यानं कागद असा झाला की मलाच तो बघून हात धुवावेसे वाटले. वास तेवढा राहिला.

पत्र फ्रेममध्ये गेलं. बिल्डरांनी काकांना कॉलनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. काही महिन्यांनी एक फ्लॅटवाले सेल्स ऑफिसात जाऊन भांडले, की पत्रात साठ घटका लिहिलंय आणि आमच्याकडे एक बादली येते. बिल्डर म्हणाले, ते किल्लेदाराचं कमिटमेंट आहे, माझं नाही.

इथवर गंमत होती. पण पत्रात किल्लेदाराचं आडनाव नव्हतं. ते काकांनी मुद्दाम घातलं नव्हतं. आणि ज्या जागेत नाव नसतं तिथं बसायला माणसं येतातच.

जवळच्याच एका जुन्या गावातले एक आबा आले. जाड मिशा, पांढरा सदरा, मागं दोन पुतणे. म्हणाले, "तो किल्लेदार आमच्यातलाच हाय. माझा आजा सांगायचा."

"कागद आहे?" काकांनी विचारलं.

"तुमच्याकडं असंल."

काकांनी लिहून दिला. हे का करता, असं मी त्यांना विचारलं नाही, का कोण जाणे. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवसांत त्यांचा चेहराच वेगळा झाला होता. सकाळी लवकर येऊन ते आपलं एकेक वाक्य हळू म्हणून बघायचे. किल्लेदाराला त्यांनी एक आजारी आई दिली, पावसाळ्यात गळणारा बुरूज दिला, वरिष्ठांकडून न येणारं उत्तर दिलं. तीन पत्रं झाली. दुसऱ्या पत्रातली आईची विचारपूस टाइप करताना मला चक्क वाईट वाटलं.

महिन्याभरात त्याच गावातल्या दुसऱ्या घराण्याचे तात्या आले. आबांचं आणि त्यांचं बांधावरून तीन पिढ्यांचं वैर. म्हणाले, "किल्लेदार आमचा होता."

काका अडचणीत आले. एका किल्ल्याला एका वेळी दोन किल्लेदार कसे असतील? खोटं करायचं पण चुकीचं करायचं नाही, असा त्यांचा बाणा. दोन दिवस विचार करून त्यांनी बदलीचं पत्र लिहिलं. आबांचा किल्लेदार दूर करून त्या जागी तात्यांचा नेमला. दूर करायला कारण लागतं, म्हणून लिहिलं की पूर्वीचे किल्लेदार मद्यपानात असतात, सबब.

आमच्या घरीही हे सगळं मी सांगायचे. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध. वडील टपाल खात्यात, बदलीवर इकडे आले आणि इथेच राहिले. काका एकदा चहाला आले तेव्हा वडिलांना सहज म्हणाले, "तुमच्या घराण्याचाही एखादा शोधू का कागद? तुमच्याकडची माणसं किल्ल्यांवर होतीच. हे तर खरंच आहे."

वडिलांनी बशी खाली ठेवली. "आमच्याकडे एक कागद आहे. हिच्या जातीचा दाखला. तो खरा आहे, तरी मिळवायला तीन वर्षं लागली. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, गावच्या पाटलाचं पत्र आणा, इकडं का राहता ते लिहून द्या. तुमच्या आबांना कोणी काही मागितलं?"

"नाही," काका म्हणाले.

"मग असू द्या."

काका चहा मात्र पूर्ण प्यायले.

बदलीचं पत्र तात्यांनी सत्यनारायणाच्या दिवशी मंडपात लावलं आणि गावच्या शाळेतल्या शिक्षकांकडून माइकवर वाचून घेतलं. 'मद्यपानात असतात' या शब्दांपाशी आबांच्या पुतण्यानं माइक काढून घेतला. मग फ्रेमची काच फुटली, चार जणांना टाके पडले, आणि आबा पोलीस ठाण्यात गेले. तक्रार मारामारीची नव्हती. तक्रार अशी होती की आमच्या पूर्वजाची दारुडा म्हणून बदनामी झाली.

फौजदार तरुण होते, साताऱ्याकडचे. त्यांनी आबांचा आणि तात्यांचा असे दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, यातलं काय लिहिलंय ते आधी तज्ज्ञाकडून कळलं पाहिजे. तज्ज्ञ म्हणून बोलावणं काकांना आलं. ठाण्यातलं मराठी मशिन बिघडलं होतं, म्हणून मला आमचं मशिन घेऊन रिक्षातून यायला सांगितलं.

आबा आणि तात्या दोन बाकांवर बसले होते. काका उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "साहेब, हे दोन्ही कागद बनावट आहेत. मीच लिहिलेत."

मी मशिनवर बोटं ठेवून बसले होते. फौजदारांनी मला खूण केली, टाइप करा.

"तुम्ही लिहिले म्हणजे तुम्ही आरोपी," फौजदार म्हणाले.

"हो."

"आणि बनावट आहेत हे सांगणारा तज्ज्ञ कोण?"

"तोही मीच."

"असं कसं चालेल? आरोपीच्या सांगण्यावरून मी तज्ज्ञाचा अहवाल घेऊ? आणि तज्ज्ञालाच आत घेतला तर अहवालावर सही कोणाची?"

काकांनी खिशातून बोरू आणि दौत काढली. ते तयारीनं आले होते. ठाण्याच्या कोऱ्या कागदावर त्यांनी सगळ्यांसमोर तेच बदलीचं पत्र पहिल्या ओळीपासून लिहिलं. त्या गुळगुळीत कागदावर बोरू घसरत होता. पंख्याखाली दहा मिनिटं लागली.

आबांनी नवा कागद आणि तात्यांचा जुना शेजारी धरून पाहिले. "साहेब, हा नवा हाय. आमाला काय दिसत न्हाय का? तो जुना हाय. वास घ्या."

फौजदारांनी वास घेतला. "जुना वाटतोय खरा."

"आणि हा ओला हाय," तात्या म्हणाले.

"अक्षरही तितकं चांगलं नाही, काका," फौजदार समजुतीनं म्हणाले. "तुमचं वय झालंय. तुम्हाला कोणी धमकावलंय का?"

"पलीकडच्यांनी," आबा आणि तात्या एकदमच म्हणाले. तीन पिढ्यांत त्या घराण्यांचं एकमत बहुधा पहिल्यांदाच झालं. काका खाली बसले. मला वाटतं, अटकेची भीती मनातून घालवून ते आले होते; विश्वास न बसण्याची तयारी त्यांनी केली नव्हती. फौजदारांनी माझ्याकडून टाइप केलेला जबाब घेतला, सही न घेता ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, विचार करून पुढच्या आठवड्यात या.

पण बातमी ठाण्याच्या भिंतीत राहिली नाही. चौकच्या आजीच्या वाळवणाच्या जागेवर एका बाहेरच्या माणसाला बंगला बांधायचा होता, आणि ते प्रकरण ठाणे शहरात तहसीलदारांकडे चाललं होतं. त्या माणसाच्या वकिलानं अर्ज दिला की म्हातारीचा मोडी कागद ज्यांनी वाचला ते गृहस्थ स्वतः पोलिसांत सांगतात की आपण मोडी कागद बनवतो. सबब कागद ग्राह्य धरू नये.

आजी त्या अर्जाची नोटीस घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये आली. टोपली खाली ठेवली आणि काकांपुढे कागद धरला. "काय सांगतंय, मास्तर?"

काकांनी वाचला आणि तिला अर्थ सांगितला. एक शब्द गाळला नाही.

ती म्हणाली, "मंग मी बोंबील कुठं घालू?"

काकांनी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी मुली यायच्या आधी त्यांनी मला मशिनवर कागद चढवायला सांगितला आणि नवा जबाब सांगू लागले: मी पूर्वी दिलेला जबाब मानसिक अस्वस्थतेत दिला होता. मी आजवर वाचलेले सर्व कागद अस्सल आहेत. खाली यादी.

मी थांबले. "काका, हे खोटं आहे."

"यादी तर घे."

यादीत किल्लेदार नगरचं पत्र आलं, आबांची तीन आली, तात्यांचं बदलीचं आलं. शेवटी आजीच्या सासऱ्याचा कागद.

"यातला एकच खरा आहे," मी म्हणाले.

"तोच राहायला हवा. बाकीच्यातला एक खोटा ठरला की तोही पडतो."

मी सरकारी नोकरीच्या यादीत होते, एका खात्यात कारकून म्हणून माझं नाव लागायचं होतं. जबाबाखाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची पद्धत असते. त्या खोट्या जबाबाखालीही मी घातली. त्या दोन अक्षरांची धास्ती मला पुढं दोन वर्षं होती, आणि कोणी कधी विचारलं नाही.

फौजदारांनी नवा जबाब वाचून समाधानानं मान हलवली. जुना काढून काकांच्या हातात दिला. "हे बरं केलंत. त्यात फार गुंता होता."

बदनामीचं प्रकरण मिटवायला काकांना अजून एक पत्र सापडावं लागलं. त्यात पूर्वीच्या किल्लेदारास वैद्याने पोटशूळाकरिता द्राक्षासव दिले असता लोकांनी गैरसमज केला, असा खुलासा होता. ते लिहिताना काकांना आनंद झालेला मला दिसला नाही. त्यांनी ते चौकला वाळवायलाही नेलं नाही, नुसतं चहाच्या पाण्यात बुडवून दिलं. आबांना चाललं. वास नाही म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

तहसीलदारांपुढे सुनावणी होती त्या दिवशी मी रजा टाकली. काका, आजी आणि मी बसनं घोडबंदर रोडनं ठाण्याला गेलो. पोचलो तर बाहेर दोन जीपगाड्या उभ्या. एका जीपमधून आबा आणि त्यांची माणसं उतरली, दुसरीतून तात्या आणि त्यांची. काकांच्या शब्दावर कोणी शंका घेतो म्हणजे आपल्या किल्लेदारावर घेतो, हे दोघांच्याही लक्षात आलं होतं. आत जाऊन दोघांनी सांगितलं की या माणसाइतका खरा माणूस या तालुक्यात नाही. आबांनी तर शपथ घ्यायची तयारी दाखवली. वकिलानं काकांना विचारलं, "तुम्ही कधी बनावट मोडी कागद लिहिला आहे का?"

काकांनी आबांकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. "मला लिहिता येत असतं," ते म्हणाले, "तर मी नकलनवीस कशाला झालो असतो?"

माझ्या शेजारी आजी बसली होती. तिला यातलं किती समजलं होतं मला माहीत नाही. बाहेर आल्यावर झाडाखाली तिनं काकांना अडवलं. "मास्तर, एक सांग. माझा कागद बी तूच वाळवलेला का?"

"नाही मावशी. तो तुमच्या सासऱ्यांनी जपलेला."

"नक्की?"

"नक्की."

"आत बी तू सगल्यांना 'नक्की'च सांगत होता," ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली.

काका तिथंच उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता गेले काही महिने, पण त्या घडीला मी त्यांची पिशवी घेतली आणि म्हणाले, चला, बस चुकेल. ते म्हणाले, "बरोबर बोलली ती."

त्यानंतर त्यांनी बोरू हातात धरला नाही. वाचायचं कामही कमी केलं. कोणी कागद आणला तर आधी म्हणायचे, दुसरीकडे दाखवून घ्या, आणि दुसरीकडे कोणी नाही हे लोकांना माहीत असल्यामुळं ते हसायचे. किल्लेदार नगरच्या इमारती उभ्या राहिल्या, सेल्स ऑफिसच्या जागी किराण्याचं दुकान आलं. आबा आणि तात्यांच्या घरी आपापल्या फ्रेमा लागल्या. मला नोकरी लागली. वडिलांनी माझा दाखला फाइलमधून काढून पडताळणीला दिला, आणि तो सात महिने पडताळला गेला.

मी इन्स्टिट्यूट सोडायच्या आधीच्या आठवड्यात आजी जागेचा नवा उतारा घेऊन आली. निकाल तिच्या बाजूनं लागला होता. उतारा सरकारी, छापील, बालबोधीत, आमच्यातल्या कोणीही वाचावा असा. पण तिनं तो काकांपुढेच ठेवला. काकांनी चष्मा पुसून गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं, सासऱ्याचं नाव कंसात गेलंय, म्हणजे कमी झालंय, हे सांगितलं, आणि शेवटी तिचं नाव वाचलं, पहिल्यापासून आडनावापर्यंत, सावकाश.

"येवढाच?" आजीनं विचारलं.

"एवढंच."

तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली. बोंबील उन्हात होते, ती थांबली नाही.